युनिक्स कार्यप्रणालीतील फाइलींचे दुवे : नाव आणि वस्तू यांच्या संबंधाचे विवेचन

संगणकाच्या नित्य वापरात ‘फाइल’ हा शब्द इतका परिचित झाला आहे की, त्याचा नेमका अर्थ काय, हा प्रश्न सहसा कोणाच्या मनात उद्भवत नाही. फाइलीला नाव असते, ती एखाद्या डिरेक्टरीत ठेवलेली असते आणि पुसली म्हणजे ती नाहीशी होते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. युनिक्स आणि तिच्या परंपरेत वाढलेल्या लिनक्स, बीएसडी इत्यादी कार्यप्रणालींच्या बाबतीत ही तिन्ही विधाने, काटेकोरपणे पाहू गेल्यास, चुकीची ठरतात. या कार्यप्रणालींत फाइलीला स्वतःचे असे नाव नसते. ती कोणत्याही एका डिरेक्टरीच्या आत नसते. आणि जिला पुसण्याची आज्ञा म्हणण्याचा प्रघात आहे ती फाइल पुसत नाही, केवळ तिचे एक नाव काढून घेते.

हा भेद केवळ तात्त्विक आहे असे कोणी समजू नये. संशोधनाची सामग्री आज मोठ्या प्रमाणावर अशाच कार्यप्रणालींच्या स्वाधीन असते. चार वर्षे जमविलेल्या निरीक्षणांना दुसरे नाव दिले म्हणजे त्यांची दुसरी प्रत तयार झाली, असे मानून जो विद्यार्थी ‘मूळ’ फाइलीवर निर्धास्तपणे प्रयोग करतो, तो एका क्षणात दोन्ही गमावतो. कारण दोन नावांमागे वस्तू एकच होती. उलट, ज्याने आपल्या सामग्रीकडे जाणारा केवळ एक निर्देश जपून ठेवला आणि सामग्री मात्र दुसऱ्याच्या डिरेक्टरीत राहू दिली, त्याच्या हाती प्रसंगी रिकामी खूण तेवढी उरते. या दोन्ही आपत्तींचे मूळ एकच आहे. नाव, निर्देश आणि वस्तू या तीन गोष्टींतील भेद लक्षात न घेणे, हे ते मूळ होय. प्रस्तुत लेखात या भेदाचे स्वरूप, त्यामागील कारणे आणि त्यांपासून निघणारे व्यावहारिक निष्कर्ष यांचा विचार करावयाचा आहे. ‘हार्ड लिंक’ आणि ‘सिम्बॉलिक लिंक’ या संज्ञा वर्गात आणि प्रयोगशाळेत रूढ झालेल्या असल्याने त्या तशाच ठेवल्या असून, दुसरीसाठी ‘सांकेतिक दुवा’ हा पर्यायही योजिला आहे.

१. नाव, क्रमांक आणि वस्तू

युनिक्सच्या फाइलव्यवस्थेत प्रत्येक फाइलीसाठी डिस्कवर एक छोटीशी नोंद असते. तिला ‘आयनोड’ म्हणतात. फाइल कोणत्या प्रकारची आहे, तिचा मालक कोण, तिच्यावर कोणाला कोणते अधिकार आहेत, तिचा आकार किती, ती केव्हा वाचली व केव्हा बदलली गेली आणि तिचा मजकूर डिस्कच्या कोणकोणत्या खंडांत पसरलेला आहे, ही सर्व माहिती आयनोडमध्ये असते. प्रत्येक आयनोडला त्या फाइलव्यवस्थेपुरता एक क्रमांक असतो. आयनोडमध्ये एवढे सर्व असून जी एक गोष्ट नसते, ती म्हणजे फाइलीचे नाव.

नाव असते ते डिरेक्टरीत. डिरेक्टरी हीदेखील एक फाइलच होय. मात्र तिचा मजकूर म्हणजे नावे आणि आयनोड क्रमांक यांच्या जोड्यांची यादी असते. प्रारंभीच्या युनिक्समध्ये या यादीतील प्रत्येक नोंद नेमकी १६ बाइटांची असे : २ बाइट क्रमांकासाठी आणि १४ बाइट नावासाठी. वापरकर्ता एखादे नाव उच्चारतो तेव्हा कर्नल डिरेक्टरीत ते नाव शोधते, त्याच्या शेजारचा क्रमांक घेते आणि त्या क्रमांकाच्या आयनोडकडे जाते. यापुढील सर्व व्यवहार आयनोडशी होतो. नावाचे काम तेथेच संपते.

ग्रंथालयाच्या व्यवस्थेशी याचे साम्य सहज लक्षात येईल. ग्रंथाला एक दाखल क्रमांक असतो आणि तो ग्रंथाची ओळख ठरवितो. सूचीतील पत्रे मात्र अनेक असू शकतात. एक पत्र ग्रंथनामाने, दुसरे ग्रंथकाराच्या नावाने, तिसरे विषयाच्या नावाने लावलेले असते. तिन्ही पत्रे एकाच ग्रंथाकडे नेतात आणि त्यांपैकी कोणतेही एक ‘खरे’ व बाकीची ‘दुय्यम’ असे म्हणता येत नाही. याखेरीज सूचीत आणखी एका प्रकारचे पत्र आढळते : ज्यावर ग्रंथाचा क्रमांक नसून केवळ ‘अमुक नावाखाली पाहा’ एवढाच मजकूर असतो. पहिल्या प्रकारची पत्रे म्हणजे हार्ड लिंक आणि ‘पाहा’ असे सांगणारे पत्र म्हणजे सांकेतिक दुवा. पुढील सर्व विवेचन या एका भेदाचा विस्तार होय.

२. ऐतिहासिक पार्श्वभूमी

१९६५ च्या सुमारास अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, जनरल इलेक्ट्रिक आणि बेल प्रयोगशाळा यांनी मिळून ‘मल्टिक्स’ ही महत्त्वाकांक्षी कार्यप्रणाली उभारावयास घेतली. डिरेक्टरीत डिरेक्टरी अशी वृक्षासारखी रचना आणि तिच्यातील एका नोंदीने दुसऱ्या नोंदीकडे बोट दाखविण्याची सोय, या दोन्ही कल्पना तिच्यात होत्या. अर्थात सांकेतिक दुव्याचा विचार युनिक्सपूर्वीचा आहे.

१९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेने मल्टिक्समधून अंग काढून घेतले. त्याच वर्षी केन थॉम्पसन यांनी डेनिस रिची प्रभृती सहकाऱ्यांच्या साहाय्याने पीडीपी-७ या छोट्या यंत्रावर एक नवी फाइलव्यवस्था रचली. तीच पुढे युनिक्स म्हणून ख्यातीस आली. या पहिल्या रूपात आयनोडांची एक सलग यादी होती, नाव व क्रमांक यांच्या जोड्या धारण करणाऱ्या डिरेक्टऱ्या होत्या आणि ‘लिंक’ हा सिस्टिम कॉलही होता. नव्हती ती गोष्ट म्हणजे तिरप्या रेघांनी जोडलेले लांबलचक मार्गनाम. आज कोणतीही फाइल मूळ डिरेक्टरीपासून पायरीपायरीने नाव सांगून दाखविता येते. त्या काळी ती सोय नसल्याने एका डिरेक्टरीतील वस्तू दुसरीत हवी असल्यास तिचा दुवा करून घ्यावा लागे. म्हणजे दुवा ही नंतर जोडलेली सोय नसून युनिक्सच्या रचनेचा पायाच होता.

रिची आणि थॉम्पसन यांनी १९७४ मध्ये आपल्या कार्यप्रणालीचे जे सुप्रसिद्ध वर्णन प्रकाशित केले, त्यात हा सिद्धांत स्पष्टपणे मांडलेला आढळतो. फाइलीचे अस्तित्व डिरेक्टरीतील नोंदीहून स्वतंत्र असते. सर्व नोंदींचा दर्जा समान असतो. व्यवहारात मात्र शेवटच्या नोंदीबरोबर फाइलही नाहीशी होते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. सांकेतिक दुवे युनिक्समध्ये सर्वत्र पसरले ते बर्कली येथील विद्यापीठाच्या ४.२ बीएसडी या १९८३ मधील आवृत्तीमुळे. मल्टिक्समध्ये जी कल्पना आधी होती ती युनिक्समध्ये मागाहून यावी, याचे कारण पुढे स्पष्ट होईल. हार्ड लिंकेच्या काही मर्यादा अशा आहेत की, त्या ओलांडण्यासाठी तिच्याहून दुबळा दुवाच उपयोगी पडतो.

३. नावांची गणती आणि फाइलीचा अंत

एका आयनोडला अनेक नावे असू शकतात, हे मान्य केले की लगेच एक प्रश्न उपस्थित होतो : फाइल नष्ट केव्हा करावयाची? एका नावाने ती पुसली, पण दुसरे नाव शिल्लक आहे, अशा वेळी डिस्कवरील खंड मोकळे केल्यास दुसऱ्या नावाचा वापरकर्ता विनाकारण नागविला जाईल. या प्रश्नाचे युनिक्सने दिलेले उत्तर अत्यंत साधे आहे. प्रत्येक आयनोडमध्ये एक अंक ठेवलेला असतो; तो त्या आयनोडच्या नावांची संख्या दर्शवितो. फाइल निर्माण होते तेव्हा तो १ असतो. नवी हार्ड लिंक केली की तो एकाने वाढतो आणि नाव काढले की एकाने घटतो. नाव काढणाऱ्या सिस्टिम कॉलचे नाव ‘नष्ट करा’ असे नसून ‘अनलिंक’, म्हणजे दुवा सोडवा, असे आहे. हे नामकरण अन्वर्थक होय.

गणती शून्यावर आली तरी फाइल तत्क्षणी नष्ट होतेच असे नाही. एखाद्या प्रोसेसने ती उघडून ठेवलेली असेल तर ती बंद होईपर्यंत आयनोड आणि त्याचे खंड जिवंत राहतात. अशी फाइल कोणत्याही डिरेक्टरीत दिसत नाही, तिला नाव उरलेले नसते, तरीही तिचे वाचन व लेखन यथास्थित चालू असते. तात्पुरत्या कामासाठी फाइल उघडावी, लगेच तिचे नाव काढून टाकावे आणि काम चालू ठेवावे, ही युनिक्सच्या प्रोग्रॅमांतील जुनी रीत याच गुणावर आधारलेली आहे. प्रोग्रॅम अकस्मात बंद पडला तरी मागे केरकचरा राहत नाही.

या गुणाची दुसरी बाजूही आहे. डिस्क भरत आली म्हणून व्यवस्थापक एखादी प्रचंड नोंदवही पुसतो. डिरेक्टरीतून ती दिसेनाशी होते. परंतु मोकळी जागा तिळमात्र वाढत नाही. फाइलींची बेरीज करणारी आज्ञा एक आकडा सांगते आणि डिस्कवरील शिलकीचा हिशेब देणारी आज्ञा दुसराच. या विसंगतीचे एक नेहमीचे कारण असे की, नोंदवहीत लिहिणारा प्रोग्रॅम अद्याप चालू असतो आणि त्याने ती उघडून धरलेली असते. तो थांबविला की जागा परत मिळते. हीच गोष्ट संकटात तारकही ठरते. महत्त्वाची फाइल चुकून पुसली गेली, पण एखाद्या चालू प्रोग्रॅमने ती उघडलेली आहे, असे आढळल्यास तो प्रोग्रॅम बंद करू नये. लिनक्समध्ये ‘प्रॉक’ डिरेक्टरीतील त्या प्रोसेसच्या उघड्या फाइलींच्या यादीतून तिचा मजकूर वाचता येतो आणि त्याची नवी प्रत करून घेता येते.

याच्या नेमकी उलट अवस्थाही संभवते. वीज अचानक गेल्यामुळे नोंदी अर्धवट राहिल्या तर गणती शून्य नसलेला, पण एकही नाव नसलेला आयनोड मागे राहू शकतो. फाइलव्यवस्थेची तपासणी करणारा प्रोग्रॅम अशा निराधार आयनोडांना ‘लॉस्ट अँड फाउंड’ या डिरेक्टरीत आणून ठेवतो आणि त्यांना नाव म्हणून त्यांचा क्रमांकच देतो. वस्तू राहते, नाव हरवते, हे या डिरेक्टरीत प्रत्यक्ष पाहावयास मिळते.

४. हार्ड लिंकेच्या दोन मर्यादा

पहिली मर्यादा अशी की, हार्ड लिंक एका फाइलव्यवस्थेची सीमा ओलांडू शकत नाही. आयनोड क्रमांक हा त्या फाइलव्यवस्थेपुरताच अर्थपूर्ण असतो. एका डिस्कवरील ४१२७ आणि दुसऱ्या डिस्कवरील ४१२७ या सर्वस्वी भिन्न वस्तू होत. डिरेक्टरीतील नोंदीत केवळ क्रमांक असतो, कोणत्या डिस्कवरील क्रमांक ते नसते. त्यामुळे परक्या डिस्ककडे निर्देश करण्याचे साधनच तिच्याजवळ नाही.

दुसरी मर्यादा अधिक विचार करण्याजोगी आहे. डिरेक्टरीची हार्ड लिंक सामान्यतः करता येत नाही. प्राचीन युनिक्समध्ये हा अधिकार केवळ सर्वाधिकारी वापरकर्त्यास होता. लिनक्सने तो त्यालाही ठेवलेला नाही. असे का, हे पाहण्यासाठी एक कल्पना करावी. ‘क’ या डिरेक्टरीत ‘ख’ ही डिरेक्टरी आहे आणि ‘ख’ मध्ये ‘ग’ या नावाने पुन्हा ‘क’ चाच दुवा करू दिला आहे. आता क, ख, ग, ख, ग असा मार्ग अनंत वाढविता येतो आणि वृक्ष पायरीपायरीने उतरणारा प्रत्येक प्रोग्रॅम या चक्रात सापडून कधीच बाहेर पडत नाही. याहून गंभीर गोष्ट गणतीची. ‘क’ चे बाहेरचे नाव काढून टाकले तरी आतील ‘ग’ या नावामुळे त्याची गणती शून्यावर येत नाही. बाहेरून त्या डिरेक्टरीकडे जाण्याचा मार्ग नाही आणि गणतीनुसार ती जिवंत आहे, अशी एक अधांतरी अवस्था निर्माण होते. चक्र असेल तेथे केवळ गणतीच्या आधारे वस्तूचा अंत ठरविता येत नाही, हा सिद्धांत स्मृतिव्यवस्थापनाच्या अभ्यासकांना परिचित आहेच. तिसरी अडचण ‘दोन टिंबे’ या नोंदीची. ती प्रत्येक डिरेक्टरीत तिच्या वरच्या डिरेक्टरीचा निर्देश करते. एका डिरेक्टरीला दोन पालक झाले तर ती कोणाकडे बोट दाखविणार?

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ‘एक टिंब’ आणि ‘दोन टिंबे’ या नोंदी परंपरेने डिरेक्टरीच्या हार्ड लिंकाच होत. मात्र त्या कर्नल स्वतः, ठरीव रीतीनेच करते. म्हणूनच युनिक्सच्या परंपरागत फाइलव्यवस्थांत रिकाम्या डिरेक्टरीची गणती २ असते : एक नोंद वरच्या डिरेक्टरीतील तिच्या नावाची आणि दुसरी तिच्यातील एका टिंबाची. तिच्यात निर्माण होणारी प्रत्येक उपडिरेक्टरी आपल्या दोन टिंबांमुळे त्यात एकेकाची भर घालते. गणतीतून २ वजा केले की उपडिरेक्टऱ्यांची संख्या मिळते. तथापि काही आधुनिक फाइलव्यवस्था, उदाहरणार्थ बीटीआरएफएस, हा नियम पाळत नाहीत. म्हणून त्यावर सर्वत्र विसंबू नये.

५. सांकेतिक दुवा

सांकेतिक दुवा ही स्वतंत्र वस्तू आहे. तिला स्वतःचा आयनोड असतो आणि तिचा मजकूर म्हणजे दुसऱ्या एखाद्या वस्तूचे मार्गनाम, एवढेच. मार्गाने जात असता कर्नलला असा दुवा भेटला की ते त्यातील मजकूर वाचते आणि उरलेल्या मार्गाच्या आरंभी तो बसवून पुढे चालू लागते. मजकूर लहान असल्यास त्यासाठी वेगळा खंड खर्ची घालण्याचेही कारण नसते. ईएक्सटी४ या लिनक्सच्या फाइलव्यवस्थेत ६० बाइटांपेक्षा कमी लांबीचा मजकूर आयनोडमध्येच सामावून घेतला जातो.

दुव्यात क्रमांक नसून नाव असल्यामुळे त्याचे सर्व गुणदोष आपोआप निष्पन्न होतात. नाव दुसऱ्या डिस्कवरील वस्तूचेही असू शकते, म्हणून पहिली मर्यादा उरत नाही. ते डिरेक्टरीचेही असू शकते. कारण या दुव्याची गणती लक्ष्याच्या आयनोडमध्ये होत नाही आणि तो दुवा आहे हे प्रोग्रॅमला ओळखता येते. चक्र झाले तरी कर्नल ठराविक संख्येपलीकडे दुवे अनुसरण्याचे नाकारते; लिनक्समध्ये ही मर्यादा ४० आहे. परंतु ज्या कारणाने हे स्वातंत्र्य मिळाले त्याच कारणाने जबाबदारीही सुटली आहे. सांकेतिक दुवा लक्ष्याला जिवंत ठेवत नाही. लक्ष्याचे नाव बदलले, ते हलविले किंवा पुसले, तरी दुव्याला त्याचा पत्ता नसतो. किंबहुना दुवा करतेवेळी लक्ष्य अस्तित्वात असावे अशीही अट नाही.

मार्गनाम मूळ डिरेक्टरीपासून सांगितलेले नसेल तर ते कोठून मोजावयाचे, याविषयी नवशिक्यांचा नेहमी घोटाळा होतो. ते वापरकर्ता जेथे उभा आहे तेथून मोजले जात नाही. दुवा ज्या डिरेक्टरीत आहे तेथून मोजले जाते. त्यामुळे असा दुवा दुसऱ्या डिरेक्टरीत हलविला की त्याचा अर्थ बदलतो. उलट, दुवा आणि लक्ष्य ही दोन्ही ज्या शाखेत आहेत ती संपूर्ण शाखाच हलविली तर सापेक्ष मार्गाचा दुवा अबाधित राहतो आणि मूळ डिरेक्टरीपासून सांगितलेला दुवा तुटतो. कोणत्या प्रसंगी कोणता मार्ग लिहावा, याचा निर्णय यावरून करता येईल.

आणखी एक चमत्कारिक परिणाम उल्लेखनीय आहे. सांकेतिक दुव्यावाटे एखाद्या डिरेक्टरीत शिरून ‘वर जा’ अशी आज्ञा शेलला दिली असता ती वापरकर्ता जेथून आला तेथे, म्हणजे दुवा जेथे आहे त्या डिरेक्टरीत, परत आणते. परंतु त्याच ठिकाणी उभे राहून ‘वरच्या डिरेक्टरीची यादी दाखवा’ असे सांगितले तर खऱ्या डिरेक्टरीच्या पालकाची यादी दिसते. शेल आलेल्या वाटेची आठवण ठेवते, कर्नल मात्र वस्तूच जाणते. दोन उत्तरांतील तफावत हा दोष नसून नावाचा मार्ग आणि वस्तूचे स्थान या दोन भिन्न गोष्टी असल्याचा पुरावा आहे.

६. एक उदाहरण

वरील विवेचन एका सलग उदाहरणाने पडताळून पाहता येईल. समजा, एका विद्यार्थ्याने ‘सारणी’ नावाची फाइल केली आणि तिला ४१२७ हा आयनोड मिळाला. गणती १ झाली. ‘एलएन’ या आज्ञेने त्याने तिला ‘तक्ता’ असे दुसरे नाव दिले. डिरेक्टरीत नवी नोंद झाली, परंतु क्रमांक तोच, ४१२७, गणती २. नंतर त्याच आज्ञेला ‘एस’ हा पर्याय जोडून त्याने ‘सारणी’कडे निर्देश करणारा ‘खूण’ नावाचा सांकेतिक दुवा केला. यासाठी नवा आयनोड लागला, समजा ४१३०. त्यातील मजकूर ‘सारणी’ हा शब्द. ४१२७ ची गणती २ च राहिली.

या क्षणी तिन्ही नावांनी एकच मजकूर वाचता येतो; कोणत्याही नावाने त्यात भर घातली तर ती इतर दोन्ही नावांनी दिसते. आता विद्यार्थ्याने ‘सारणी’ हे नाव काढून टाकले. गणती १ झाली. ‘तक्ता’ पूर्ववत शाबूत आहे. तो दुय्यम कधीच नव्हता. ‘खूण’ मात्र निराधार झाली. ती उघडू जाता अशी फाइल नाही असे उत्तर मिळते. शेवटी त्याने ‘सारणी’ याच नावाची एक नवी फाइल निर्माण केली. तिला ४१३८ हा क्रमांक मिळाला असे मानू. ‘खूण’ पुन्हा जिवंत झाली, परंतु ती आता नव्या मजकुराकडे नेते. जुना मजकूर केवळ ‘तक्ता’ या नावाखाली आहे. हार्ड लिंकेने वस्तू धरून ठेवली, सांकेतिक दुव्याने नाव धरून ठेवले. संपूर्ण विषयाचे सार या एका प्रयोगात आले आहे आणि तो प्रत्येकाने स्वतः करून पाहण्यास पाच मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही.

आज्ञांच्या उत्तरांत ‘खूण’ या दुव्याचा आकार १५ बाइट असा दिसेल. ‘सारणी’ हा शब्द युनिकोडच्या पाच चिन्हांनी बनतो आणि यूटीएफ-८ या रूढ संकेतनात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, हे त्याचे कारण. प्रारंभीच्या युनिक्समधील १४ बाइटांत हा तीन अक्षरांचा शब्दही मावला नसता. आज ईएक्सटी४ मध्ये २५५ बाइटांची मर्यादा असल्याने ८५ देवनागरी चिन्हांपर्यंत नाव देता येते. मराठी नावे देणाऱ्यांनी आणखी एक सावधगिरी बाळगणे इष्ट आहे. युनिक्सच्या दृष्टीने नाव म्हणजे केवळ बाइटांची माळ होय. ‘दऱ्या’ हा शब्द नुक्तायुक्त ‘ऱ’ वापरून लिहिता येतो, तसाच साधा ‘र’ आणि अदृश्य जोडचिन्ह वापरूनही लिहिता येतो. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात. कर्नलला मात्र ती दोन भिन्न नावे वाटतात. दुव्यात एक रूप आणि डिरेक्टरीत दुसरे रूप असले तर डोळ्यांना अचूक दिसणारा दुवा तुटलेला निघतो.

७. लेखन, जतन आणि सुरक्षितता

फाइलीत बदल दोन रीतींनी होऊ शकतो. एक रीत म्हणजे त्याच आयनोडच्या मजकुरात फेरफार करणे. दुसरी रीत अशी : नव्या फाइलीत सर्व मजकूर लिहावयाचा आणि मग नाव बदलण्याच्या सिस्टिम कॉलने तिला जुन्याचे नाव द्यावयाचे. ही अदलाबदल अखंड होते, मध्येच वाचणाऱ्यास अर्धवट फाइल कधी दिसत नाही, म्हणून अनेक संपादक प्रोग्रॅम दुसरी रीत पत्करतात. परंतु तिने हार्ड लिंकेची जोडी फुटते : एक नाव नव्या आयनोडकडे जाते, दुसरे जुन्याकडेच राहते. सांकेतिक दुव्याच्या नावावर अशी अदलाबदल झाली तर दुव्याच्या जागी साधी फाइल येऊन बसते आणि लक्ष्य जुन्याच स्थितीत राहते. दोन नावांखालील मजकूर काही दिवसांनी भिन्न झाल्याचे आढळते तेव्हा कारण बहुधा हेच असते.

हार्ड लिंकांचा अत्यंत कल्पक उपयोग जतनाच्या कामी होतो. ‘आरसिंक’ या प्रोग्रॅमला काल घेतलेली प्रत दाखविली असता, न बदललेल्या फाइलींना तो केवळ नवे नाव देतो आणि बदललेल्या तेवढ्याच नव्याने लिहितो. समजा, संग्रह १०० गिगाबाइटांचा असून त्यातील १ गिगाबाइटाच्या फाइली रोज बदलतात. ३० दिवसांच्या पूर्ण प्रतींना ३००० गिगाबाइट लागले असते. या रीतीने साधारणतः १२९ पुरतात. शिवाय प्रत्येक दिवसाची डिरेक्टरी पूर्ण दिसते आणि कोणत्याही दिवसाची प्रत काढून टाकली तरी इतरांना बाध येत नाही, कारण गणतीचा नियम सर्वांचे रक्षण करतो. मात्र ३० नावे म्हणजे ३० प्रती नव्हेत. न बदललेली फाइल डिस्कवर एकदाच असते. तो खंड बिघडला तर तीसही दिवसांची फाइल एकदम बिघडते. म्हणून असा संग्रह दुसऱ्या डिस्कवर, शक्य तर दुसऱ्या वास्तूत, पुन्हा ठेवणे अपरिहार्य आहे. त्या वेळी हार्ड लिंका राखण्याचा पर्याय न दिल्यास प्रत्येक नावाची वेगळी प्रत होऊन आकार अनेक पटींनी फुगतो, हेही विसरू नये.

सांकेतिक दुव्यांचे क्षेत्र निराळे आहे. एखाद्या ग्रंथिकेच्या अनेक आवृत्त्या एकत्र नांदतात आणि सामान्य नाव सांकेतिक दुव्याच्या द्वारे चालू आवृत्तीकडे वळविलेले असते. आवृत्ती बदलावयाची तर दुवा तेवढा बदलावयाचा. बिझीबॉक्स या संचात एकाच प्रोग्रॅमला अनेक आज्ञांची नावे दुव्यांनी दिलेली असतात आणि तो कोणत्या नावाने हाक आली हे पाहून त्याप्रमाणे वागतो.

सुरक्षिततेच्या दृष्टीने दोन्ही दुव्यांनी अनर्थ घडविलेले आहेत. सर्वांना लिहिता येईल अशा तात्पुरत्या डिरेक्टरीत अधिकारी प्रोग्रॅम ठरलेल्या नावाची फाइल उघडणार, हे हेरून दुष्ट वापरकर्ता त्या नावाचा सांकेतिक दुवा आधीच करून ठेवतो; प्रोग्रॅम आपल्या अधिकाराने भलतीच फाइल लिहून बसतो. तपासणी आणि उघडणे यांमधील क्षणभराच्या अंतराचाही असाच गैरफायदा घेतला जातो. हार्ड लिंकेचा धोका अधिक सूक्ष्म आहे. सदोष विशेषाधिकारी प्रोग्रॅम व्यवस्थापकाने पुसला, पण कोणी आधीच त्याला दुसरे नाव देऊन ठेवले असेल, तर दोष जिवंतच राहतो. मालकीही आयनोडमध्ये असल्यामुळे दुसऱ्याने राखलेल्या फाइलीचा भार मूळ मालकाच्याच वाट्याच्या जागेवर पडत राहतो. २०१२ मधील लिनक्स ३.६ या आवृत्तीत अशा दुव्यांवर निर्बंध घालण्याची सोय करण्यात आली. ती चालू असता, ज्या परक्या फाइलीवर वाचन व लेखन हे दोन्ही अधिकार नाहीत तिची हार्ड लिंक सामान्य वापरकर्त्यास करता येत नाही. आणि तात्पुरत्या सार्वजनिक डिरेक्टरीतील परक्याने केलेला सांकेतिक दुवा, तो त्या डिरेक्टरीच्या मालकाचाच नसेल तर, अनुसरला जात नाही.

८. समारोप

दोन प्रकारच्या दुव्यांपैकी श्रेष्ठ कोणता, हा प्रश्न गैरलागू आहे. वस्तू टिकावी, मग तिचे एखादे नाव गेले तरी चालेल, असा हेतू असेल आणि व्यवहार एकाच फाइलव्यवस्थेतील असेल, तेथे हार्ड लिंक योग्य होय. नाव स्थिर राहावे, मग त्यामागील वस्तू बदलली तरी चालेल, किंबहुना ती बदलता यावी, असा हेतू असेल तेथे सांकेतिक दुवा योग्य होय. मजकूरच सुरक्षित राहावा असा हेतू असेल तर दोन्हींपैकी एकही पुरेसा नाही. त्यासाठी प्रतच करावी लागते.

नाव देणे, निर्देश करणे आणि प्रत करणे या तीन क्रिया डिरेक्टरीची यादी वरवर पाहणाऱ्यास एकसारख्याच भासतात; कारण तिन्हींनंतर यादीत एक नवी ओळ दिसते. त्या ओळीशेजारचा आयनोड क्रमांक, गणतीचा अंक आणि फाइलीचा प्रकार या तीन गोष्टी ‘एलएस’ ही आज्ञा विचारल्याबरोबर सांगते. प्रबंधाची सामग्री पुसण्यापूर्वी हा प्रश्न तिला विचारण्याची सवय ज्यांनी लावून घेतली, त्यांना वरील आपत्तींपैकी बहुतेकींची भीती बाळगण्याचे कारण उरत नाही.